वंशावळ तर झाली, पण आपल्यानंतर ती उघडणार कोण?

वंशावळीच्या नादाला लागलेल्या माणसाकडे साधारण काय काय जमलेलं असतं ते आधी बघू. एक-दोन वह्या, फुगलेल्या फाइली, फोटोंचा डबा, लॅपटॉपवर 'फॅमिली', 'फॅमिली नवीन', 'फॅमिली फायनल २' असे फोल्डर, कुठल्यातरी वेबसाइटवर अर्धवट झाड, फोनमध्ये मावशीच्या बोलण्याचं रेकॉर्डिंग, आणि उरलेलं सगळं डोक्यात. यातलं डोक्यातलं सगळ्यात आधी जातं, आणि ते गेलं की बाकीच्या पसाऱ्याचा अर्थ कुणाला लागत नाही. कागद वाळवीने जातात, पाण्याने जातात, ते खरंच आहे, पण माझं मत विचाराल तर घरच्यांनी कपाट आवरताना 'हे काय आहे कुणास ठाऊक' म्हणून रद्दीत घातलेलं संशोधन त्याहून जास्त असणार.

म्हणून इथे पूर्वज कसे शोधायचे हे सांगत नाहीये, त्यावर भरपूर लिहिलेलं सापडेल. शोधून झालेलं, किंवा अर्धवट शोधलेलं, दुसऱ्या माणसाला उचलता येईल असं कसं ठेवायचं तेवढंच बघू. मनात एकच वाचक धरायचा, तुमच्याच कुटुंबातला, पण तुम्हाला कधीच न भेटलेला. त्याला फोन करून विचारता येणार नाहीये.

पहिलं काम, एक पान

स्कॅनिंग, सॉफ्टवेअर वगैरे सगळं नंतर. आज संध्याकाळी बसून एक पान लिहा, वर मोठ्या अक्षरात 'आधी हे वाचा' असं टाका. त्यात काय हवं? हे सगळं काय आहे, कोणत्या घराण्यांचं आहे, साधारण किती मागे गेलंय. सामान कुठे कुठे आहे, म्हणजे कोणत्या कपाटात, कोणत्या ड्राइव्हवर, कोणत्या वेबसाइटवर. यातलं मूळ काय आणि झेरॉक्स काय, कारण जागा नसेल तर झेरॉक्स टाकून देता येईल पण मूळ पत्रं टाकली की संपलं. काय अजिबात फेकू नका आणि काय खुशाल फेका, हे दोन्ही लिहायचं. दुसरी यादी लोक लिहीत नाहीत आणि मग वारसाला ढिगाऱ्याची धास्ती बसते आणि तो सगळंच फेकतो. शेवटी कोण कोण नातेवाईक यातलं काही जाणतात त्यांची नावं आणि तारीख.

हे पान सुंदर व्हायची वाट बघू नका, हाताने लिहिलं तरी चालेल. एक प्रत फोटोंच्या डब्यात वरच ठेवा, एक घरच्या महत्त्वाच्या कागदांत, आणि फोटो काढून दोघा-तिघांना पाठवून द्या. पुढचं काहीच केलं नाहीत आणि एवढंच केलंत तरी निम्मं काम झालं असं मी म्हणेन.

'कुणी सांगितलं?' याचं उत्तर प्रत्येक ओळीपाशी

वंशावळीत 'जन्म १९११' असं लिहिलेलं असतं. कुठून आलं ते? जन्माच्या नोंदीवरून, शाळेच्या दाखल्यावरून, मृत्यूच्या नोंदीतल्या वयावरून मागे मोजून, की काकांनी सांगितलं म्हणून? चारही ठिकाणी आकडा तोच आला तरी त्याचं वजन वेगळं असतं. मृत्यूची नोंद मृत्यूच्या तारखेसाठी भरवशाची, पण तिच्यातलं वय किंवा आईवडिलांची नावं ही दुसऱ्याच कुणीतरी, बहुतेक वेळा घाईत आणि दुःखात सांगितलेली असतात, माणूस स्वतः तर सांगायला नव्हताच. जुन्या जनगणनांमध्ये वयं शून्य नाहीतर पाच या आकड्यांवर गोळा झालेली दिसतात, ३०, ३५, ४०, कारण लोक अंदाजे सांगायचे. तेव्हा वयावरून काढलेलं जन्मवर्ष हे 'सुमारे' लावूनच लिहायचं.

फार शास्त्रोक्त पद्धत नको असेल तर निदान तीन शेरे ठेवा: पक्कं, बहुतेक, ऐकीव. आणि प्रत्येक माहितीपुढे कागदाचं नाव, तो कुठे बघितला, कधी बघितला. ऐकीव असेल तर कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं. ऐकीव म्हणजे टाकाऊ नव्हे हां, पुष्कळदा तोच एकमेव धागा असतो, फक्त त्याला पक्क्याच्या रांगेत बसवायचं नाही.

तारखांचं एक वेगळंच त्रांगडं आहे. आपण आज वापरतो ते ग्रेगोरियन कॅलेंडर १५८२ मध्ये सुरू झालं, पण ब्रिटन आणि त्याच्या वसाहतींनी ते १७५२ मध्ये घेतलं, तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला, आणि त्याआधी इंग्लंडात सरकारी वर्षच २५ मार्चला सुरू व्हायचं. रशियात बदल १९१८ मध्ये झाला. त्याशिवाय जगात इतर कितीतरी कालगणना आहेत. त्यामुळे नियम साधा ठेवा, कागदावर जशी तारीख आहे तशीच्या तशी आधी उतरवा आणि तुम्ही केलेलं रूपांतर तिच्या शेजारी वेगळं लिहा. रूपांतर चुकलं तर पुढचा माणूस दुरुस्त करेल, पण मूळ तारीखच नाही ठेवली तर तो काय करणार.

नावांचंही तेच. स्पेलिंग 'सुधारू' नका. एकाच माणसाचं नाव तीन कागदांवर तीन तऱ्हेने असेल तर तिन्ही लिहा. आणि बायकांची जन्माची नावं आणि आडनावं, ती प्लीज शोधून लिहा. लग्नानंतर नाव बदलायची रीत जिथे जिथे आहे तिथे निम्मं झाड याच एका कारणाने सुकतं, 'अमुकची बायको' एवढ्यावर थांबतं. आज ज्या आज्या हयात आहेत त्यांना त्यांच्या आईच्या आईचं नाव विचारून घेणं हे मला कुठल्याही अर्काइव्हच्या चकरेपेक्षा महत्त्वाचं वाटतं.

व्यावसायिक वंशावळकार पुराव्यांसाठी पाच निकष सांगतात: वाजवी तितका सगळा शोध, नीट दिलेले संदर्भ, पुराव्यांची छाननी, विसंगतीचा निकाल, आणि लिहून काढलेला निष्कर्ष. पहिले चार थोडेफार सगळेच करतात, पाचवा कुणीच करत नाही. म्हणजे दोन कागदांत वेगवेगळे वडील आहेत, तुम्ही महिनाभर डोकं खाजवून एक निवडला, आणि झाडात नुसतं नाव टाकून मोकळे झालात. ते का निवडलं त्याच्या चार ओळी लिहा ना. नाहीतर पुढच्याला दुसरा कागद सापडेल, तो तुम्हाला वेंधळं ठरवेल आणि खुशाल नाव बदलून टाकेल.

आणि एक यादी न सापडलेल्याची पण ठेवा. कुठल्या कार्यालयात, कुठल्या रजिस्टरमध्ये, कुठल्या वर्षापासून कुठल्या वर्षापर्यंत बघितलं आणि काहीच मिळालं नाही. कंटाळवाणं काम आहे, पण ही यादी नसली तर पुढची पिढी तीच सगळी रजिस्टरं परत पहिल्या पानापासून उलटणार.

माणसं बोलतायत तोवर

कागद थांबतात, माणसं थांबत नाहीत, त्यामुळे कामाचा क्रम लावायचा झाला तर घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसाशी बोलणं पहिलं. फोनचा रेकॉर्डर पुरतो. फोन फ्लाइट मोडवर, पंखा आणि टीव्ही बंद, फोन टेबलावर तसाच न ठेवता खाली घडी केलेलं कापड, म्हणजे कप ठेवल्याचा आवाज धाडकन येत नाही. रेकॉर्डिंग सुरू करून आधी मोठ्याने बोला, आज तारीख काय, कोण कोण बसलंय, कुठे बसलोय, आणि आजी तुझं बोलणं रेकॉर्ड करून ठेवलं तर चालेल का, तिचं 'हो' पण त्यातच येऊ दे.

'तुझा जन्म कधीचा' असल्या प्रश्नांनी फॉर्म भरल्यासारखं होतं. जुना फोटो हातात द्या आणि गप्प बसा. किंवा विचारा, त्या घरात दारातून आत शिरलं की पहिलं काय दिसायचं, मग उजव्या हाताला काय, तिथे कोण झोपायचं. खोल्या आठवल्या की माणसं आपोआप येतात, माणसांमागून नाती, भांडणं, आजारपणं सगळं येतं. मध्ये थांबले तर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका, बरंच काही त्या थांबण्यानंतर येतं. चूक काढू नका, 'नाही नाही, ते तर १९४८ ला झालं' म्हणालात की पुढचं बोलणंच आटतं. आत्या एक सांगते आणि काका दुसरंच, तर दोन्ही ठेवा, निकाल नंतर. तासाभरात दमतात, थांबा, परत बसा.

यानंतरचं काम लोक टाळतात. नुसतं रेकॉर्डिंग कुणी ऐकत नाही, दोन तासांची फाइल कोण उघडणार. सगळं शब्दन् शब्द लिहिणं जमत नसेल तर निदान मिनिटांप्रमाणे अनुक्रमणिका करा, १२:४० आजोबांची पहिली नोकरी, १८:०५ घर का सोडलं, अशी. आपोआप मजकूर करून देणारी अॅप्स आता बरी झालीयेत पण माणसांच्या आणि गावांच्या नावांची ती वाट लावतात, आणि आपल्याला नेमकी तीच तर हवी असतात, तेव्हा नावं तरी कानाने ऐकून हाताने दुरुस्त करा.

घरात जुन्या ऑडिओ कॅसेट असतील तर प्ले करायच्या आधी वरच्या कडेच्या दोन छोट्या प्लास्टिकच्या पट्ट्या तोडा, म्हणजे चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं तरी वर काही पुसलं जाणार नाही. डिजिटल करताना एमपी३ नाही, वेव्ह फाइल, ४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट तरी ठेवा, वाटायला एमपी३ वेगळी काढता येते. आणि हे लवकर करा, कारण टेप कदाचित टिकेल पण ती वाजवणारं चालू यंत्र मिळणं दरवर्षी अवघड होत चाललंय. जुन्या फिल्मच्या डब्याला व्हिनेगरसारखा वास येत असेल तर ती अॅसिटेट फिल्म सडायला लागलीये, ती बाकीच्यांपासून लांब ठेवा आणि स्कॅनिंगला पहिला नंबर तिचा लावा.

कागद आणि फोटो, थोडक्यात

लॅमिनेशन करू नका. हे मी ठळक करून सांगतोय कारण लोक प्रेमापोटी करतात. गरम करून चिकटवलेलं प्लास्टिक परत निघत नाही आणि कागद आतल्या आत खराब होतो तो होतोच. सेलोटेप नको, स्टेपल काढा, रबरबँड काढा, यू-पिना काढा. गोंदाची पानं आणि वर पारदर्शक कागद असलेले जुने अल्बम दिसायला छान पण फोटोंचे वैरी. त्यातले फोटो सहज निघत असतील तर काढून घ्या, निघत नसतील तर ओढू नका, आहे त्या पानाचाच चांगला फोटो काढून ठेवा.

प्लास्टिकचे खिसे घ्यायचे तर पॉलिप्रॉपिलीन किंवा पॉलिएस्टरचे, पीव्हीसी नको, नव्या रेक्झिनसारखा उग्र वास आला की समजा पीव्हीसी. कागदाची पाकिटं असतील तर अॅसिड-फ्री. ठेवायची जागा घरातल्या माणसाला सोसवेल अशी, म्हणजे माळा नको, तळघर नको, बाहेरच्या भिंतीला लागून नको, हवेतला दमटपणा ३० ते ५० टक्क्यांच्या मध्ये राहिला तर उत्तम. थर्मल कागदावरच्या पावत्या, जुने फॅक्स हे आपोआप पांढरे होतात, त्यांची आजच प्रत काढा.

फोटोच्या मागे बॉलपेनने लिहू नका, दाब पुढे उमटतो आणि शाई पसरते. मऊ पेन्सिल, कडेला, हलक्या हाताने. अलीकडच्या गुळगुळीत प्लास्टिकसारख्या पाठीवर पेन्सिल उठत नाही, तिथे पाकिटावर लिहा आणि मग फोटो आत घाला. काय लिहायचं? 'आई' असं नाही. कुणाची आई? पूर्ण नाव, डावीकडून उजवीकडे कोण कोण, कुठे, अंदाजे कधी, आणि हे कोणी ओळखलं. एखादा ओळखता आला नाही तर 'ओळख पटली नाही, अमुक तमुक यांना दाखवला होता' असं लिहा.

स्कॅन करताना

नेहमीच्या आकाराचे फोटो ६०० डीपीआयला, कागदपत्रं ३०० ते ४०० ला, निगेटिव्ह आणि स्लाइड त्याच्या कितीतरी पट वर, २४०० किंवा जास्त. मूळ स्कॅन टिफमध्ये ठेवा, वाटायला जेपेग. फोटोची मागची बाजूसुद्धा स्कॅन करा, स्टुडिओचा शिक्का, कुणाचं तरी अक्षर, तिथेच तर माहिती असते. मूळ स्कॅनवर रंग सुधारणं, रेघा पुसणं असलं काही करायचं नाही, ते सगळं कॉपीवर. हल्ली एआयने फोटो 'नवा' करून देणारी अॅप्स आहेत, हौस म्हणून ठीक आहे, पण ती धूसर चेहऱ्याच्या जागी स्वतःच्या मनाने डोळे-नाक काढतात आणि तीस वर्षांनी कुणीतरी तोच चेहरा खरा धरून चालेल, त्यामुळे अशा कॉपीच्या नावातच 'एआयने बदललेला' असं घाला.

फाइलचं नाव असं ठेवा की फाइल एकटीच कुठेतरी सापडली तरी कळावं. वर्ष आधी, मग प्रसंग, मग माणसं, मग बाजू, '१९५२-लग्न-आजीआजोबा-मागची बाजू' असं काहीतरी. वर्ष माहीत नसेल तर '१९५०चं-दशक'. व्हॉट्सअॅपवरून फोटो गोळा करत असाल तर पाठवणाऱ्याला सांगा की डॉक्युमेंट म्हणून पाठव, नुसता फोटो पाठवला की तो दाबून बारीक होतो आणि आतली तारीखबिरीख निघून जाते.

मराठीत टाइप केलेल्यांसाठी खास सूचना. युनिकोड, म्हणजे सगळ्या कॉम्प्युटरवर सारखी दिसणारी अक्षरांची पद्धत, रुळायच्या आधी, जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या फाइली असतील, तर तो फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर त्या नुसता अगम्य कचरा दिसतात. अशा फाइली आत्ताच उघडून युनिकोडमध्ये बदलून घ्या, आणि सोबत पीडीएफ काढा, शक्यतो पीडीएफ/ए, हा प्रकार दीर्घकाळ जपण्यासाठीच बनवलाय आणि त्यात फॉन्ट फाइलच्या आतच असतात.

सॉफ्टवेअर कुठलंही वापरा, पण बाहेरचा दरवाजा बघून

कुठलं सॉफ्टवेअर चांगलं यावर लोक भांडत बसतात. माझ्या दृष्टीने प्रश्न एकच, उद्या ते बंद पडलं तर माझी माहिती बाहेर कशी काढू? आणि बंद पडतात. याहूने जिओसिटीज ही फुकट वेबपानं बनवायची सेवा २००९ मध्ये बंद केली तेव्हा लोकांनी हौसेने बनवलेली असंख्य पानं गेली, त्यात घराण्यांचे इतिहासही होतेच. फॅमिली ट्री मेकर हे इतकं नावाजलेलं सॉफ्टवेअर, पण २०१५ च्या डिसेंबरात अॅन्सेस्ट्री या त्याच्या मालक कंपनीने त्याची विक्री थांबवत असल्याचं जाहीर केलं आणि वापरणाऱ्यांची धावपळ झाली, पुढे २०१६ मध्ये दुसऱ्या कंपनीने ते घेतलं म्हणून निभावलं.

बाहेरच्या दरवाजाचं नाव जेडकॉम. वंशावळीची माहिती एका प्रोग्राममधून दुसऱ्यात न्यायचा हा फॉरमॅट, १९८४ पासून आहे, फॅमिलीसर्च या वंशावळीच्या फुकट वेबसाइटमागच्या संस्थेने बनवलेला, आणि आतून साधा मजकूर असल्यामुळे अगदीच वेळ आली तर नोटपॅडमध्येसुद्धा वाचता येतो. बहुतेक प्रोग्राम अजून ५.५.१ ही आवृत्ती चालवतात, २०२१ मध्ये ७.० आली, तिच्यात यूटीएफ-८ हा युनिकोडचा प्रकार सक्तीचा आहे म्हणजे देवनागरीचा गोंधळ होत नाही. वर्षातून एकदा तरी तुमच्या झाडाची जेडकॉम फाइल काढून ठेवा, वेबसाइटवर असलं तरी. आणि काढल्यावर ती दुसऱ्याच एखाद्या प्रोग्राममध्ये उघडून बघा, ग्रॅम्प्स फुकट आहे, त्यात बघा. टिपा आल्या का, संदर्भ आले का, मराठी नावं नीट दिसतात का. नेहमीच्या जेडकॉममध्ये फोटो येत नाहीत, फक्त फोटो कुठे आहे त्याचा पत्ता येतो, हे बऱ्याच जणांना फार उशिरा कळतं. फोटोंसकट एकत्र गठ्ठा ७.० च्या जेडझिपमध्ये बांधता येतो, पण तुमचा प्रोग्राम ते करतो का ते आधी बघा, नाहीतर फोटोंचा फोल्डर वेगळा जपा.

फॅमिलीसर्च किंवा विकीट्रीसारख्या वेबसाइटवर सगळ्यांचं मिळून एकच झाड असतं. फायदा असा की तुम्ही नसलात तरी ते चालू राहतं आणि अनोळखी लांबचे भाऊबंद येऊन भेटतात. तोटा असा की कुणीही येऊन तुमचे पणजोबा बदलू शकतो. तिथे घाला, जरूर घाला, पण तुमची स्वतःची प्रत घरी ठेवून.

कागदी फाइलींना नंबर द्यायचे असतील तर १५९० मध्ये मायकेल आयट्झिंगरने छापलेली पद्धत आजही सगळ्यात सोपी. सुरुवातीचा माणूस १, त्याचे वडील २, आई ३, आणि पुढे कुणाच्याही वडिलांचा नंबर त्याच्या दुप्पट, आईचा दुप्पट अधिक एक. म्हणजे २३ नंबरची फाइल कुणाची हे शोधायचं तर २३ ही ११ ची आई, ११ ही ५ ची आई, ५ ही २ ची आई, आणि २ म्हणजे वडील. वडिलांच्या आईच्या आईची आई, झालं. भावंडं यात बसत नाहीत, त्यांना त्यांच्या आईबापाच्या फाइलमध्ये घालायचं. फक्त १ नंबर कोणाला दिलाय ते त्या पहिल्या पानावर लिहायला विसरू नका.

प्रती, आणि त्या कुठे

३-२-१ हा नियम फोटोग्राफर पीटर क्रोग यांच्या नावावर सांगतात. तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, एक दुसऱ्या ठिकाणी. दुसऱ्या ठिकाणी म्हणजे दुसऱ्या खोलीत नाही, दुसऱ्या शहरातल्या भावाकडे किंवा क्लाउडवर. पेन ड्राइव्ह हे नेण्या-आणण्यासाठी, वर्षानुवर्षं खणात टाकून ठेवायला नाहीत, वीज न मिळता पडून राहिले की त्यातला डेटा जाऊ शकतो. हार्ड डिस्क पण वर्षातून एकदा लावायची, दहा-पंधरा फाइली इकडून तिकडून उघडून बघायच्या, आणि काही वर्षांनी सगळं नव्या डिस्कवर हलवायचं. हे हलवणं कुणालाच चुकलेलं नाही. फॅमिलीसर्चच्या आधीच्या संस्थेने १९३८ पासून जगभरच्या नोंदींच्या मायक्रोफिल्म, म्हणजे पानांचे बारीक फोटो असलेल्या फिल्म, काढल्या, अमेरिकेतल्या सॉल्ट लेक सिटीजवळ डोंगर पोखरून केलेल्या तिजोरीत ठेवल्या, आणि तरीही त्यांना ती २४ लाख रिळं डिजिटल करावीच लागली, ते काम २०२१ मध्ये संपलं. डोंगरातल्या लोकांना सुटका नाही तर आपण कोण.

पासवर्ड आणि मृत्युपत्र

गूगलने २०२३ च्या डिसेंबरपासून दोन वर्षं न वापरलेली वैयक्तिक खाती पुसायला सुरुवात केलीये. म्हणजे सगळे स्कॅन तुमच्या ड्राइव्हवर आणि तुम्ही गेलात तर घड्याळ सुरू झालं. त्याच गूगलच्या सेटिंगमध्ये निष्क्रिय खात्याची सोय आहे, ३, ६, १२ किंवा १८ महिने तुम्ही फिरकला नाहीत तर तुम्ही निवडलेल्या जास्तीत जास्त १० माणसांना कळवायचं आणि हवा तो डेटा त्यांना द्यायचा. अॅपलमध्येही २०२१ च्या अखेरीपासून लेगसी कॉन्टॅक्ट, म्हणजे तुमच्यानंतर तुमचा डेटा बघू शकणारा माणूस, नेमता येतो. दोन्ही मिळून अर्ध्या तासाचं काम आहे, करून टाका आणि ज्याला नेमलंय त्याला सांगा.

पासवर्ड मृत्युपत्रात लिहू नका, पुष्कळ देशांत ते नंतर सार्वजनिक होतं. पासवर्ड मॅनेजर असेल तर त्याची आणीबाणीची सोय, नाहीतर बंद पाकीट. पण मृत्युपत्रात एक ओळ मात्र हवी, की कौटुंबिक कागद, फोटो आणि संशोधन अमुक व्यक्तीला, ती नको म्हणाली तर तमुकला. घर आणि पैसे यांच्या वाटणीत या डब्यांना कुणी धनी नसतो म्हणून ते जातात. शब्दरचना वकिलाला विचारून करा.

हयात माणसं, झाकलेल्या गोष्टी, डीएनए

हयात माणसांच्या जन्मतारखा, पत्ते, आईची माहेरची आडनावं ऑनलाइन उघडी ठेवू नका, ही नेमकी बँकांच्या सुरक्षा प्रश्नांची उत्तरं असतात. वाटायच्या प्रतीत हयात माणसाचं फक्त नाव किंवा नुसतं 'हयात', पूर्ण माहिती तुमच्या प्रतीत. बरेच प्रोग्राम जेडकॉम काढतानाच हे गाळायला विचारतात.

दत्तक, दुसरं लग्न, तुरुंग, आत्महत्या, कुणाचे वडील वेगळेच, हे प्रत्येक घराण्यात थोडंफार निघतंच. माझं म्हणणं, नष्ट करू नका आणि मिरवू पण नका. वेगळं लिहा, पुराव्यासकट, पाकिटावर लिहा की अमुक सालानंतर किंवा अमुक माणसांच्या पश्चात उघडावं. खोटं लिहून झाड गोड दिसतं पण त्यावर पुढे बांधलेलं सगळं चुकतं.

डीएनए चाचणी करायची असेल तर लक्षात घ्या की तुम्ही एकट्याचा नाही, तुमच्या भावंडांचा, मुलांचा, चुलतभावांचाही डेटा थोडाथोडा देताय. ट्वेंटीथ्री अँड मी या डीएनए चाचणीच्या कंपनीतून २०२३ मध्ये सुमारे ६९ लाख लोकांची माहिती चोरांच्या हाती लागली आणि २०२५ च्या मार्चमध्ये कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला, मग एवढा डेटा कुणाकडे जाणार हा प्रश्न उभा राहिलाच. केलीच असेल चाचणी तर कच्ची डेटा फाइल उतरवून ठेवा, आणि तुमच्यानंतर ती कोणी सांभाळायची की पुसायची ते लिहा.

कुणाच्या हातात द्यायचं

इथे लोक हट्टाला पेटतात, माझ्याच मुलाने हे केलं पाहिजे. त्याला आवड नसेल तर नसेल. पुतणी असेल, भाच्याची बायको असेल, चुलत घराण्यातला कुणी विशीतला मुलगा असेल, आवड कुठे उगवेल सांगता येत नाही आणि पुष्कळांना ती पन्नाशीनंतर येते, म्हणून आज कुणी नाही म्हणून खचू नका, फक्त तोवर सामान टिकेल असं बघा. कुणाला गुंतवायचं असेल तर चारशे नावांचा तक्ता दाखवू नका, डोळे मिटतात. एक माणूस द्या, त्याची एक गोष्ट, एक फोटो आणि एक न सुटलेला प्रश्न. मुलांना तर त्यांच्याच वयाच्या पूर्वजाची गोष्ट सांगा, बारा वर्षांच्या मुलाला बारा वर्षांचा असताना घर सोडून गेलेला पणजोबा लगेच पटतो.

आणि एक छोटं पुस्तक करा. सगळं संशोधन संपल्यावर नाही, ते संपत नाही. एका आजी-आजोबांवर तीस-चाळीस पानं, फोटो, त्यांच्या मुलांची नावं, शेवटी संदर्भ. चांगल्या अॅसिड-फ्री कागदावर पंधरा-वीस प्रती छापून वेगवेगळ्या घरांत द्या. हार्ड डिस्क कुणी सहज उघडत नाही पण पुस्तक कपाटात दिसतं, पाहुणे उचलतात, आणि वीस घरांतल्या वीसही प्रती एकदम जाणं अवघड. एखाद्या सार्वजनिक ग्रंथालयाला किंवा अर्काइव्हला द्यायची असेल तर आधी विचारा, घेतात का, कुठल्या स्वरूपात, कुणाला बघायला देणार, आणि नको झालं तर परत करतील का. हे लेखी घ्या. सरळ खोका नेऊन ठेवलात तर तो खोकाच राहतो.

ज्याला देणार त्याला एकदम सगळं देऊ नका. आधी प्रती द्या, मूळ नाही. तुम्ही असतानाच एक दिवस त्याला कॉम्प्युटरपुढे बसवा आणि फक्त तुमचं ते पहिलं पान हातात देऊन सांगा की यावरून अमुक पणजीच्या लग्नाची नोंद शोधून दाखव. तुम्ही तोंड उघडायचं नाही. जिथे जिथे तो अडेल ती प्रत्येक जागा लिहून घ्या आणि त्याच आठवड्यात पान दुरुस्त करा.